आज्ञावलीची परीक्षा

समजा, वर्गात आपण १६/६४ या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्यायला सांगितले. एका मुलाने अंशातला ६ आणि छेदातला ६ खोडला आणि १/४ असे उत्तर लिहिले. उत्तर बरोबर आहे. त्याला दुसरे उदाहरण दिले, १९/९५. त्याने दोन्हीकडचे ९ खोडले आणि १/५ लिहिले. हेही बरोबर! केवळ शेवटचे उत्तर पाहणारा परीक्षक या मुलाला पैकीच्या पैकी गुण देईल. अनुभवी शिक्षक मात्र त्याला १२/२४ विचारतील. मुलगा दोन्ही २ खोडून १/४ लिहील आणि त्याची रीत उघडी पडेल, कारण खरे उत्तर १/२ आहे.

तिन्ही वेळा मुलाची रीत एकच होती आणि तिन्ही वेळा ती चूकच होती. पहिल्या दोन प्रश्नांना ती पकडता आली नाही, तिसऱ्याला आली. परीक्षा किती मोठी आहे यापेक्षा तिच्यात कोणते प्रश्न आहेत यावर तिचा कस ठरतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

संगणकाच्या आज्ञावलीची, म्हणजे प्रोग्रॅमची, परीक्षाही याच तत्त्वावर घेतात. ती घेण्यासाठी आणि तिचा निकाल लावण्यासाठी स्वतंत्र आज्ञावली असतात. त्यांतल्या एका जुन्या, साध्या आणि आजही वापरात असलेल्या आज्ञावलीची ओळख या लेखात करून घेऊ. तिचे नाव आहे प्रूव्ह.

पुन्हा पुन्हा घ्यावी लागणारी परीक्षा

विद्यार्थ्याची परीक्षा वर्षातून दोन-चार वेळा घेतली की भागते. आज्ञावलीचे तसे नाही. तिच्यात सतत बदल होत असतात. कोणी नवी सोय घालतो, कोणी चूक दुरुस्त करतो. एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणचे नीट चाललेले काम बिघडवू शकते. म्हणून प्रत्येक बदलानंतर केवळ नवे प्रश्न विचारून चालत नाही, जुने सगळे प्रश्नही पुन्हा विचारावे लागतात. मोठ्या आज्ञावलीसाठी असे हजारो प्रश्न असतात.

हे काम माणसावर सोपवले तर काय होईल, याची कल्पना उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासलेल्या कोणालाही करता येईल. पहिल्या वेळी तो नीट तपासेल. पाचव्या वेळी नजर घसरेल. दहाव्या वेळी तो म्हणेल, ‘काल बरोबर होते ना, मग आजही असेल.’ संगणकाला कंटाळा येत नाही, म्हणून विचारणे, तपासणे आणि निकाल मांडणे ही तिन्ही कामे त्याच्याकडे द्यायची, अशी ही कल्पना आहे.

लॅरी वॉल या अमेरिकी प्रोग्रॅमरने डिसेंबर १९८७ मध्ये पर्ल या संगणकभाषेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. भाषेबरोबरच त्यांनी तिच्या चाचण्याही देऊन टाकल्या होत्या. ज्याने भाषा आपल्या संगणकावर उतरवून घेतली, त्याला ती तेथे नीट चालते की नाही हे स्वतः पाहता यावे, हा त्यामागचा उद्देश. या चाचण्यांची उत्तरे लिहिण्याची पद्धत अगदी साधी होती. पुढे तिला टॅप, म्हणजे टेस्ट एनिथिंग प्रोटोकॉल, असे नाव मिळाले. कोणत्याही गोष्टीच्या चाचणीचा निकाल सांगण्याची ठरलेली रीत, असा त्याचा अर्थ सांगता येईल.

एका उदाहरणाने ही रीत समजून घेऊ.

लीप वर्षाची प्रश्नपत्रिका

एखादे वर्ष लीप वर्ष आहे की नाही, हे सांगणारी आज्ञावली आपल्याला हवी आहे. नियम तीन भागांचा आहे. ४ ने भाग जाणारे वर्ष लीप असते. मात्र १०० ने भाग जात असेल तर ते लीप नसते. आणि ४०० ने भाग जात असेल तर ते पुन्हा लीप असते.

तीन विद्यार्थ्यांनी तीन आज्ञावली लिहून आणल्या. ‘क’ला नियमाचा पहिलाच भाग ठाऊक होता. ‘ख’ला पहिले दोन भाग ठाऊक होते. ‘ग’ने तिन्ही भाग वापरले. आता परीक्षेसाठी चार वर्षे निवडू: २०२४, २०२३, १९०० आणि २०००. बरोबर उत्तरे आधीच लिहून ठेवू: होय, नाही, नाही, होय.

२०२४ आणि २०२३ या दोन प्रश्नांना तिघांचीही उत्तरे बरोबर येतात. तेवढेच प्रश्न विचारले असते तर तिघेही उत्तीर्ण झाले असते. आता गंमत पाहा. तिसरा प्रश्न म्हणून फक्त २००० विचारले, तर ‘ग’ उत्तीर्ण होतो, सर्वांत कमी जाणणारा ‘क’ही उत्तीर्ण होतो आणि त्याच्यापेक्षा जास्त जाणणारा ‘ख’ मात्र नापास होतो! २००० ला ४ ने भाग जातो एवढ्यावरच ‘क’ने ‘होय’ म्हटले. उत्तर बरोबर, कारण चुकीचे. १६/६४ मधले ६ खोडणारा मुलगा आपल्याला येथे पुन्हा भेटतो. ‘क’ला पकडायला १९०० हा प्रश्न लागतो. चारही प्रश्न विचारले, तरच तिघांचा निवाडा होतो.

हे काल्पनिक उदाहरण वाटेल, पण तसे ते नाही. लोटस १-२-३ या जुन्या प्रसिद्ध स्प्रेडशीटने १९०० हे लीप वर्ष धरले होते. तिच्यात तयार केलेल्या फायली आपल्याकडेही तशाच चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलने ही चूक जाणूनबुजून ठेवून घेतली. त्यामुळे ग्रेगरीय कालगणनेत नसलेली २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख एक्सेलमध्ये आजही सापडते. चूक वेळीच पकडली नाही तर इतर गोष्टी तिच्या आधाराने उभ्या राहतात आणि मग ती काढणेच अवघड होऊन बसते.

ओके आणि नॉट ओके

‘क’च्या आज्ञावलीला आपण चार प्रश्न विचारले, तर टॅपच्या रीतीने निकाल असा उमटतो. पडद्यावर हे शब्द रोमन लिपीत दिसतात. येथे ते देवनागरीत दिले आहेत.

१..४
ओके १ - २०२४
ओके २ - २०२३
नॉट ओके ३ - १९००
ओके ४ - २०००

पहिली ओळ सांगते की एकूण चार प्रश्न विचारले जाणार आहेत. पुढे प्रत्येक प्रश्नाची एक ओळ. उत्तर अपेक्षेप्रमाणे आले तर ‘ओके’, नाही तर ‘नॉट ओके’. त्यानंतर प्रश्नाचा क्रमांक आणि त्याचे नाव. माणसाला वाचता येते आणि यंत्रालाही सहज उकलते, असे हे लिखाण आहे.

चाचणीची फाईल लिहिणाऱ्याला या ओळी हाताने लिहाव्या लागत नाहीत. पर्लमध्ये त्यासाठी तयार आज्ञा आहेत. त्यांतली ‘ओके’ नावाची आज्ञा फक्त बरोबर की चूक एवढेच सांगते. ‘इज’ नावाची दुसरी आज्ञा आलेले उत्तर आणि हवे असलेले उत्तर यांची तुलना करते, आणि दोन्ही जुळली नाहीत तर ‘मिळाले हे, अपेक्षित होते ते’ असे दोन्ही छापते. वहीवर नुसती फुली मारणे आणि फुलीशेजारी बरोबर उत्तर लिहिणे यांत जो फरक आहे, तोच या दोन आज्ञांमध्ये आहे. चूक शोधणाऱ्याला दुसरी जास्त उपयोगी पडते.

निकाल लावणारा

आता तिसरे पात्र येते. प्रश्नपत्रिका म्हणजे चाचणीची फाईल, परीक्षार्थी म्हणजे आपली आज्ञावली, आणि निकाल लावणारा म्हणजे प्रूव्ह. चाचण्यांच्या अनेक फायली चालवून त्यांचे निकाल एकत्र करण्याचे काम पर्लमध्ये ‘टेस्ट हार्नेस’ हा भाग करतो. तो टिम बन्स किंवा आंद्रेआस कोनिग यांच्यापैकी कोणी तरी तयार केला. तो हाताशी सहज वापरता यावा म्हणून अँडी लेस्टर यांनी प्रूव्ह लिहिली.

प्रूव्ह कमांड लाइनवर चालते. तिला खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत, माऊसची गरज नाही. पडद्यावर ‘प्रूव्ह’ हा शब्द टंकित करून एंटर दाबायचे, एवढेच. चाचण्यांच्या फायली ‘टी’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि त्यांच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘टी’ हे अक्षर लिहायचे, असा पर्लमधील रिवाज आहे. प्रूव्ह त्या फोल्डरमधल्या सगळ्या फायली एकेक करून चालवते, त्यांच्या ‘ओके’ आणि ‘नॉट ओके’ ओळी वाचते आणि शेवटी गोषवारा देते. सर्व ठीक असेल तर ‘ऑल टेस्ट्स सक्सेसफुल’ आणि त्याखाली ‘रिझल्ट: पास’. काही बिघडले असेल तर कोणत्या फायलीत, कोणत्या क्रमांकाचा प्रश्न चुकला हे लिहून ‘रिझल्ट: फेल’.

बरोबर आलेल्या हजार उत्तरांची यादी प्रूव्ह दाखवत बसत नाही. चुकलेली तेवढी समोर ठेवते. प्रत्येक ओळ पाहायची असेल तर आज्ञेला एक उणे चिन्ह आणि ‘व्ही’ हे अक्षर जोडावे लागते. अशी आणखीही अक्षरे आहेत. ‘जे’ आणि पुढे एक संख्या लिहिली की तितक्या फायली एकाच वेळी चालतात आणि वेळ वाचतो. ‘एस’ लिहिले की फायलींचा क्रम पिसला जातो. या पिसण्याला महत्त्व आहे. काही वेळा दुसरी चाचणी बरोबर येते ती पहिलीने मागे ठेवलेल्या एखाद्या फायलीच्या आधारावर. क्रम बदलला की हा आधार सुटतो आणि खरी स्थिती कळते. शेजारच्याचे पाहून लिहिणाऱ्यांची बाके परीक्षेच्या वेळी बदलतात, तसेच हे. मागच्या वेळी चुकलेल्या तेवढ्याच फायली पुन्हा चालवण्याचीही सोय आहे.

आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसत नाही. प्रत्येक आज्ञावली संपताना संगणकाला एक संख्या देऊन जाते. शून्य म्हणजे काम ठीक झाले, शून्याखेरीज काहीही म्हणजे बिघाड. सर्व प्रश्नांची उत्तरे ठीक आली तरच प्रूव्ह शून्य देते. त्यामुळे माणूस समोर नसतानाही दुसरी आज्ञावली हा आकडा पाहून पुढचे काम थांबवू शकते. पर्लसाठी लिहिलेल्या तयार आज्ञावलींचा सीपॅन नावाचा मोठा मुक्त साठा १९९५ पासून चालू आहे. त्यातली एखादी गोष्ट आपण घेतो, तेव्हा सहसा आधी तिच्या चाचण्या आपल्याच संगणकावर चालतात आणि त्या नापास झाल्या तर ती बसवली जात नाही. १९९८ पासून स्वयंसेवक तर अशा नव्या आज्ञावली आपापल्या वेगवेगळ्या संगणकांवर चालवून त्यांचे निकाल कळवत आले आहेत.

गप्प बसणारा परीक्षार्थी

आता टॅपमधल्या त्या पहिल्या ओळीकडे परत येऊ. ‘१..४’ ही ओळ लिहायची गरजच काय? ‘नॉट ओके’ कोठे आले ते शोधले की चुका कळल्याच!

याचे उत्तर मला माझ्या कामातून मिळाले. एका स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदींवरून वर्षाचे सरासरी तापमान काढणारी आज्ञावली मी लिहिली होती. रोजची एक नोंद, अशा फायलीत ३६५ नोंदी होत्या. आज्ञावली चालली, सरासरी आली, ती आम्ही टिपणात लिहिलीही. काही दिवसांनी आमच्या एका संशोधक विद्यार्थिनीने त्याच आज्ञावलीने वाचलेल्या नोंदींचा आलेख काढला, तर तो ३१ जुलैला संपत होता. १ ऑगस्टला उपकरण बंद पडले होते आणि फायलीत त्या दिवशी आकड्याऐवजी आडवी रेघ होती. रेघ दिसताच माझ्या आज्ञावलीने फाईल संपली असे समजून वाचन थांबवले आणि २१२ दिवसांची सरासरी काढून ती वर्षाची म्हणून दिली. आलेला आकडा अशक्य वाटण्यासारखा नव्हता. चुकीचा संदेश नाही, तक्रार नाही. आज्ञावली फक्त गप्प बसली होती. ‘नोंदी ३६५ असायला हव्यात’ एवढा एक प्रश्न मी चाचणीत घातला असता, तर ती त्याच दिवशी सापडली असती.

बोलणारी चूक परवडली, गप्प बसणारी नाही. परीक्षा संपल्यावर पर्यवेक्षक उत्तरपत्रिका मोजून पाहतात ते यासाठीच. चाळीस मुले बसली असतील तर चाळीस उत्तरपत्रिका हव्यात. एकोणचाळीस भरल्या, तर त्या सगळ्यांत उत्तम गुण असले तरी काही तरी बिघडले आहे.

टॅपची पहिली ओळ हीच मोजणी आधी जाहीर करते. समजा, १९०० हा प्रश्न येताच आज्ञावली मध्येच कोसळली. तोवर दोन ‘ओके’ छापले गेले आहेत आणि ‘नॉट ओके’ एकही नाही. केवळ चुका शोधणारा म्हणेल, सगळे ठीक. प्रूव्ह मात्र सांगते, ‘चार चाचण्या ठरवल्या होत्या, दोनच झाल्या’, आणि निकाल नापास असा लावते. प्रश्नांची संख्या आधी ठाऊक नसेल तर ती ओळ सर्वांत शेवटी छापण्याचीही मुभा आहे. मग आज्ञावली मध्येच बंद पडली तर ती ओळ छापलीच जात नाही आणि तिच्या नसण्यावरून प्रूव्हला बिघाड कळतो. मौन म्हणजे संमती, असे येथे धरले जात नाही.

उत्तर न देण्याची दोन प्रामाणिक कारणेही टॅपमध्ये नोंदवता येतात. एखादा प्रश्न या संगणकावर विचारण्यात अर्थच नसेल, उदाहरणार्थ इंटरनेट नसलेल्या संगणकावर इंटरनेटचा प्रश्न, तर ‘स्किप’ असा शेरा मारून कारण लिहितात. एखादे काम अजून व्हायचेच असेल तर ‘टूडू’ असा शेरा मारतात. अशा प्रश्नाचे उत्तर चुकले तरी निकाल नापास होत नाही, आणि अनपेक्षितपणे बरोबर आले तर प्रूव्ह ते मुद्दाम कळवते. गैरहजर, सूट आणि नापास हे तीन वेगळे शेरे आहेत, हे तत्त्व येथे पाळले आहे.

३१ डिसेंबर २००८

गप्प बसण्याचा एक प्रकार याहून विचित्र आहे. आज्ञावली कोसळत नाही, थांबतही नाही, नुसती फिरत राहते. मायक्रोसॉफ्टचे झून नावाचे गाणी ऐकण्याचे उपकरण होते. ३१ डिसेंबर २००८ रोजी त्याच्या ३० गिगाबाईटच्या जुन्या प्रकारातील उपकरणे चालू करताच गोठू लागली.

कारण शाळेतल्या मुलांनाही समजेल असे आहे. उपकरणातले घड्याळ १९८० च्या सुरुवातीपासून किती दिवस झाले ते मोजत असे. त्यावरून वर्ष काढायचे तर दर वर्षाचे दिवस वजा करत पुढे जायचे. आज्ञावलीतली रीत अशी होती: उरलेले दिवस ३६५ पेक्षा जास्त असतील तोवर फिरत राहा. चालू वर्ष लीप नसेल तर ३६५ वजा करा आणि पुढच्या वर्षावर जा. लीप असेल तर, दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तरच, ३६६ वजा करा आणि पुढच्या वर्षावर जा.

आता वही-पेन्सिल घेऊन ३१ डिसेंबर २००८ ही तारीख यातून काढा. मागची सर्व वर्षे वजा होऊन २००८ येते आणि ३६६ दिवस उरतात. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त आहेत, म्हणून फिरत राहायचे. वर्ष लीप आहे. पण ३६६ हे ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून काहीच वजा करायचे नाही. पुन्हा सुरुवात. पुन्हा ३६६, पुन्हा काही नाही. या फेऱ्यातून सुटकाच नाही. उपाय म्हणून लोकांना सांगण्यात आले की बॅटरी पूर्ण संपू द्या आणि १ जानेवारीला ग्रिनिच वेळेप्रमाणे दुपारनंतर उपकरण पुन्हा चालू करा. उरलेले दिवस ३६७ झाले की गाडी आपोआप पुढे सरकते!

हे उपकरण २००६ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आले होते. तेव्हापासून लीप वर्षाचा ३६६ वा दिवस त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच उजाडला होता. लाखो वेळा बरोबर चाललेल्या आज्ञावलीला तो एक प्रश्न कोणी विचारलेला नव्हता. चाचणीच्या फायलीत ही तारीख असती, तर ती फाईल तेथेच अडकून बसलेली दिसली असती. प्रूव्ह स्वतः घड्याळ लावून बसत नाही, पण पर्लमधील ‘अलार्म’ या आज्ञेने फायलीतच गजर लावता येतो. ठरलेल्या सेकंदांत काम झाले नाही तर फाईल बंद पडते, मोजणी अपुरी राहते आणि पुढचे प्रूव्ह जाणते.

एका भाषेपुरती नाही

टॅपच्या ओळी साध्या मजकुराच्या आहेत, म्हणून त्या कोणत्याही भाषेतल्या आज्ञावलीला छापता येतात, आणि प्रूव्ह त्या वाचू शकते. छापणारा कोण आहे याच्याशी तिला देणेघेणे नाही. त्यामुळे ही रीत पर्लच्या बाहेर पसरली. जगभरचे प्रोग्रॅमर आपल्या कामाच्या आवृत्त्या सांभाळण्यासाठी वापरतात ती गिट ही आज्ञावली आपल्या चाचण्यांचे निकाल टॅपमध्ये देते. पोस्टग्रेएसक्यूएल या माहितीकोशाच्या अनेक चाचण्या प्रूव्हनेच चालवल्या जातात. लिनक्सच्या गाभ्याच्या चाचण्यांसाठी टॅपचेच थोडे बदललेले रूप वापरतात. १९८७ मधल्या ‘ओके’ आणि ‘नॉट ओके’ या दोन शेऱ्यांनी एवढा प्रवास केला आहे.

शितावरून भाताची परीक्षा?

प्रूव्ह या इंग्रजी शब्दाचा रूढ अर्थ सिद्ध करणे असा आहे. पण ज्या लॅटिन शब्दातून तो आला त्याचा अर्थ पारखणे असाही होतो. या आज्ञावलीला दुसराच अर्थ शोभतो. ‘रिझल्ट: पास’ याचा अर्थ आज्ञावली निर्दोष आहे असा नाही. जेवढे प्रश्न विचारले तेवढ्यांची उत्तरे अपेक्षेप्रमाणे आली, एवढाच आहे. चाचण्यांनी चुका आहेत हे दाखवता येते, चुका नाहीत हे दाखवता येत नाही, याकडे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारासच लक्ष वेधले होते.

असे का व्हावे? शितावरून भाताची परीक्षा आपण करतो आणि ती बहुधा खरी ठरते. भांड्यातला तांदूळ एक, पाणी एक, आच एक. एक शीत शिजले तर शेजारचेही शिजलेले असणार. पुलावरून दहा टनांची गाडी गेली तर पाच टनांचीही जाईल. भौतिक वस्तूंमध्ये जवळच्या परिस्थितीत जवळचेच परिणाम दिसतात, हा आपला नेहमीचा अनुभव. आज्ञावलीत असे सातत्य नसते. ३६५ ला नीट चालणारी आज्ञावली ३६६ ला अडकते आणि ३६७ ला पुन्हा चालू लागते. म्हणून प्रश्न निवडताना मधली सोपी उदाहरणे कमी आणि काठावरची जास्त घ्यावी लागतात: शून्य, एक, शेवटचा दिवस, रिकामी फाईल, आकड्याच्या जागी रेघ.

न विचारलेल्या प्रश्नाची किंमत कधी कधी फार मोठी असते. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियन-५ हा अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतली आज्ञावली एरियन-४ वरून घेतलेली होती आणि तेथे ती व्यवस्थित चालत असे. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जास्त होता. त्याच्याशी निगडित संख्या १६ बिटांच्या जागेत, म्हणजे ३२,७६७ या मर्यादेत, मावली नाही. नव्या अग्निबाणाचा उड्डाणमार्ग घालून या यंत्रणेची चाचणी घेतलेली नव्हती, असे चौकशीत आढळले. जुन्या प्रश्नपत्रिकेत उत्तीर्ण झालेल्याला नवा अभ्यासक्रम आपोआप येतो असे मानले गेले.

आणखी एक मर्यादा आहे. प्रश्न काढणारा आणि उत्तर लिहिणारा यांचा गैरसमज एकच असेल तर परीक्षेतून काहीच कळत नाही. १९०० हे लीप वर्ष असते असे दोघेही समजत असतील, तर चूक उत्तरालाही ‘ओके’ मिळेल. म्हणून चाचण्या शक्यतो दुसऱ्याने लिहाव्यात, निदान अपेक्षित उत्तर आज्ञावलीला न विचारता स्वतंत्रपणे काढावे. आणि प्रत्येक सापडलेली चूक दुरुस्त करण्याआधी तिचा एक प्रश्न प्रश्नपत्रिकेत कायमचा घालावा. तो आधी ‘नॉट ओके’ आलेला पाहावा, मगच दुरुस्ती करावी. ज्या प्रश्नाला नापास करताच येत नाही, त्याला विचारण्यात अर्थ नाही.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणकाचीही गरज नाही. एका विद्यार्थ्याला ‘आज्ञावली’ करा. संख्येला ३ ने भाग जातो का, ते त्याने सांगायचे. पण त्याच्या हातात गुपचूप चुकीचा नियम द्या: ‘शेवटचा अंक ३, ६ किंवा ९ असेल तर होय म्हण.’ इतरांनी गटागटाने पाच-पाच प्रश्न आणि त्यांची बरोबर उत्तरे आधीच कागदावर लिहायची. फळ्यावर प्रथम ‘१..५’ लिहा, मग प्रत्येक उत्तरासमोर ‘ठीक’ किंवा ‘ठीक नाही’. आज्ञावली बोलली नाही तर तेही ‘ठीक नाही’. जो गट ३३, ३६, ३९ विचारेल त्याला सगळे ठीकच दिसेल. जो १२ किंवा १३ विचारेल त्याला चूक सापडेल. मग मुलांना विचारा, १२ आणि १३ यांना सापडलेल्या चुका एकाच जातीच्या आहेत का? एका ठिकाणी ‘होय’च्या जागी ‘नाही’ आले आहे, दुसरीकडे ‘नाही’च्या जागी ‘होय’.

आणि शेवटी आपल्या लीप वर्षाच्या प्रश्नपत्रिकेत पाचवा प्रश्न घाला: २१००. या वर्षाला १०० ने भाग जातो, ४०० ने जात नाही, म्हणून २८ फेब्रुवारी २१०० च्या दुसऱ्या दिवशी १ मार्च असेल. १९०० नंतर असा प्रसंग पहिल्यांदाच येणार आहे, कारण २००० ने ‘क’सारख्यांना सोडून दिले. आज पहिलीत असलेली काही मुले तो दिवस पाहतील. तेव्हाच्या यंत्रांमध्ये ‘क’ने लिहिलेली एखादी ओळ उरलेली असेल की नाही, हे आज विचारलेल्या प्रश्नांवर अवलंबून आहे.